ला इसाबेला पाहायला जाताना

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत डॉमिनिकन रिपब्लिकमधील ला इसाबेलाला ‘अमेरिकेतली पहिली युरोपीय वसाहत’ म्हटले आहे. नॉर्स लोकांची कितीतरी आधीची वसाहत सोडली, तर हा मान तसा ला नाविदादचा. कोलंबसच्या फुटलेल्या जहाजाच्या लाकडांतून १४९२ च्या नाताळात उभारलेली ती गढी हैतीच्या किनाऱ्यावर होती. मागे ठेवलेल्या ३९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ला इसाबेला हे कोलंबसने १७ जहाजे घेऊन येऊन जानेवारी १४९४ मध्ये वसवलेले पहिले आखीव गाव. रोगराई, उपासमार आणि बंडाळी यांनी ते काही वर्षांतच ओस पडले.

तिथे तटबंदी-बुरूज शोधू नयेत. दिसतात ते दगडी पाये, तेही जेमतेम गुडघाभर. भिंती ठोकलेल्या मातीच्या होत्या; गिलावा गेला की आपल्याकडच्या गढ्यांसारख्या पावसात विरघळणाऱ्या. उरलेसुरले हुकूमशहा ट्रुहियोच्या राजवटीत ‘साफसफाई’च्या नावाखाली बुलडोझरने समुद्रात गेले. (सरकारी साफसफाई सगळीकडे सारखीच!) कोलंबसचे घर समजले जाणारे अवशेष छपराखाली आहेत, तिथेच जास्त वेळ द्यावा. जवळच दफनभूमी आणि छोटे संग्रहालय आहे.

पुएर्तो प्लाताहून इम्बेर्त, लुपेरोनमार्गे ला इसाबेलाजवळचे एल कास्तियो गाव गाठावे. सांतो दोमिंगोहून एका दिवसात जाऊन येण्याचा आपला सल्ला मात्र प्रवाशांना दमवणारा आहे. सकाळी लवकर जावे, पाणी, टोपी व सुटे पेसो जवळ ठेवावेत. माहिती बहुतेक स्पॅनिशमध्येच मिळते.

– एक वाचक