बेलिफकाकांस, आठ आण्यांबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. नात वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते. तुमच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल घातली, वकिलांपैकी दोघे बोलले, मग मला उभं केलं. "काकांनी मला फार सांभाळून घेतलं," एवढंच म्हणून मी खाली बसले. समोसे थंड होत होते आणि गळा भरून आला होता. पण जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखंही नव्हतं, कारण त्यात चूक माझी होती. आता सांगते. ती बाई कोण, गाव कुठलं, हे अर्थातच नाही.

मी नुकतीच पीएलव्ही म्हणून लागले होते. पीएलव्ही म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर, वकील नव्हे. कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवेच्या टेबलावर बसायचं, आलेल्याचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहून द्यायचा, कागद कुठले लागतील ते सांगायचं आणि पुढे पॅनलवरच्या वकिलाकडे पाठवायचं. प्रशिक्षणात हे दहादा सांगितलं होतं. पण माझं माहेर सावंतवाडीचं. तिथे एका वकिलांकडे दोन वर्षं टायपिंग केलेलं, सात-बारा, फेरफार, वारस नोंद सगळं तोंडपाठ. लग्न होऊन गोव्यात पेडण्याकडे आले ते हा सगळा दिमाख सोबत घेऊनच.

जून महिना होता. ती बाई भिजत आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दोन मुलगे, एक मुलगी, तिघांची लग्नं झालेली. थोरल्याने एक टाईप केलेला कागद सहीसाठी पुढे केला होता, हक्क सोडल्याचा. इंग्रजीतला. तिने विचारलं, "सही करू का? घरात माझं कितीसं आहे?" मी कॅल्क्युलेटरसुद्धा घेतला नाही. म्हटलं, "तुम्ही आणि तीन मुलं, चार वारस. रुपयातले चार आणे तुमचे." तिने मान हलवली. "चार आण्यांसाठी कोण मुलाशी भांडणार?" म्हणाली आणि छत्री उघडून निघाली. आपण किती सोप्या भाषेत सांगितलं म्हणून मी खूश होते.

तुम्ही दाराशी समन्सांचा गठ्ठा लावत बसला होता. मान वर करून विचारलंत, "बाय, ती गेली?" आणि मग, "अर्दें तिचेंच मगो!"

मला काही कळलं नाही. तुम्ही समजावत बसला नाहीत. रेनकोटही न घालता स्कूटर काढलीत आणि बसस्टँडवरून तिला मागे बसवून घेऊन आलात. कदंबा बस पाच मिनिटं लवकर सुटली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री येतो.

त्या दहा मिनिटांत मी टेबलावरच्या इंग्रजी पुस्तिकेतून जे चाळलं ते असं. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आला, १९६१ ला पोर्तुगीज गेले तरी कुटुंबाच्या बाबतीत तो राहिला. त्यातला वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहे, जो लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. नवरा गेला म्हणजे त्याचा अर्धा तेवढा वारसांचा. बायकोचा अर्धा वारशात येतच नाही, तो तिचा होताच. माझे चार आणे हे हिंदू वारसा कायद्याचे, पत्रादेवीच्या हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातले. अलीकडे तिचे आठ आणे होते, आणि उरलेल्या आठांचे तीन वाटे मुलांचे. मी एका विधवेचं घर तोंडी हिशेबात निम्मं करून टाकलं होतं.

ती आत आल्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दशः आठवतं. "मॅडमचं सांगायचं थोडं राहिलं होतं." एवढंच, आणि तुम्ही पुन्हा गठ्ठ्याकडे वळलात. चूक माझी होती, ती तिच्यासमोर माझ्या पदरात घातली नाहीत. पण ती दुरुस्त करायची मात्र मीच, तिच्या डोळ्यांत बघून, हेही सोडलं नाहीत. मी सांगितलं. आठ आणे ऐकून ती हसली नाही की रडली नाही. "हे मला त्यांनी कधी सांगितलंच नाही," म्हणाली. 'त्यांनी' म्हणजे गेलेल्या नवऱ्याने.

संध्याकाळी मला चहाला नेलंत आणि तिथे मात्र सोडलं नाहीत. "तू वाटे सांगायला बसली आहेस की अर्ज लिहायला?" मी अर्ज लिहून तिला वकिलाकडे पाठवलं असतं तर माझं अज्ञान कुणाला बाधलं नसतं. बाई म्हणजे मोफत वकिलाला पात्रच, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ ला तिचं उत्पन्न विचारायचंच नाही. एवढा सरळ रस्ता समोर असताना मी आडवाटेने शहाणपण दाखवायला गेले.

पुढची वर्षं तुमच्याकडून जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. पोर्तुगीज वाचता येत नसूनही त्यातले चार शब्द तुम्ही चेहऱ्याने ओळखायचात. मात्रिझ म्हणजे कर बसवायची वही, मालकीची नव्हे, पिवळा कागद दिसला म्हणून हुरळायचं नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या सात-बारासारख्या इथल्या जमिनीच्या कागदावर, एकट्या नवऱ्याचं नाव म्हणून बायको परकी होत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करायचा कोर्टातला दावा, घातली तर सुना-जावयांनाही नोटीस जाते, कारण त्यांची लग्नंही अर्ध्या-अर्ध्याचीच. (त्यांना शोधत कर्नाटकापर्यंत पत्ते काढायला तुम्हालाच लागायचे, म्हणून हे पक्कं ठाऊक!) आणि मेआसांव, म्हणजे तो अर्धा वाटा. मामलेदाराकडे आलेला मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा, हा भाडेकरू नव्हे, त्याच्या राहत्या घराला १९७५ पासून वेगळा कायदा आहे, हेही तुम्ही एका भाटकाराच्या अंगणात उभं राहून मला सांगितलंत, भाटकार ऐकत असताना.

गणेश चतुर्थीच्या दिवसांत, तारीख जवळची नसेल तर, समन्स घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा तुमचा स्वतःचा कायदा. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण मी शिबिरांच्या तारखा अजून त्याप्रमाणे ठरवते.

हल्ली समान नागरी कायद्याचा विषय निघाला की टीव्हीवर गोव्याचं कौतुक सुरू होतं. मला राग येतो. कायदा आहे, चांगला आहे, आयकराच्या १९६१ च्या कायद्यातसुद्धा त्याच्यासाठी कलम ५-अ घालावं लागलं, पगार सोडून बाकीची कमाई नवरा-बायकोत अर्धी-अर्धी धरायला. इतकं सरकारला ठाऊक. आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ठाऊक नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहा बायकांना मी विचारते, घरात तुमचं किती? एखादीच 'अर्धं' म्हणते, बाकीच्या नवऱ्याकडे बघतात. आमची पत्रकं तर अजून बहुतेक इंग्रजीतच. मराठीतली मी दोन पानं करून मागच्या कपाटात ठेवलीत, झेरॉक्सचे पैसे कोणत्या खात्यातून, यावर ती अडली आहेत. तुम्ही असता तर कुणाकडून तरी सुटली असती.

त्या बाईंचं काय झालं, हे तुम्ही निवृत्त होताना विचारलंत. सगळं सांगणं बरं नव्हे. थोरल्याने कागद परत नेला, मग इन्व्हेंटरी झाली, त्यात कारभारी म्हणून त्याच बसल्या, काबेसा-द-काझाल. हा शब्द त्यांना फार आवडला होता, प्रत्येक तारखेला मला म्हणून दाखवायच्या. भांडण कमीच झालं, मुलगी मधे पडली म्हणून. घर त्यांच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी एक नीरफणस घेऊन आल्या होत्या. तुम्ही तेव्हा समन्स बजावायला बाहेर होता. अर्धा तुमच्यासाठी ठेवा म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या. तो तुमच्यापर्यंत पोचला नाही, ऑफिसात कापला गेला, ही आज कबुली देते.

स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे मी तेव्हा विचारले नाहीत. भिजून चार दिवस तापाने घरी होता, तेही नंतर शिपायाकडून कळलं. आभार मानायला इतकी वर्षं लागली, रागावू नका.

एक काम आहे. जाताना पत्त्यांची जी वही माझ्या खणात ठेवलीत ती रोज वापरते. कुठल्या वाड्यावर कुठल्या नावाची तीन घरं आहेत, कुठे कुत्रं आहे, कुणाला दुपारी उठवायचं नाही, सगळं तुमच्या तिरक्या अक्षरात. आता नवा बेलिफ आला आहे, मुलगा चांगला आहे, त्याला मी ती उतरवून देते आहे. एका पानावर तुम्ही लिहिलंय, 'पिंपळाकडून डावीकडे, मग विहीर.' तो पिंपळ हायवे रुंद करताना गेला. विहीर आहे की नाही मला माहीत नाही. तिथे आता काय लिहू, तेवढं नातीकडून कळवा.

तुमची,
टेबलावरची बाय