जाणाऱ्याला थांबवू नका, त्याच्या डोक्यावरचं कर्ज थांबवा

मा. कामगारमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

स्थलांतराचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो : ही माणसं थांबवायची कशी? कामासाठी परक्या मुलखात निघालेल्यांचे अर्ज मी गेली बारा वर्षं भरून देते, आणि हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

लोक का जातात? "घरात तिघं कमावतो, तिघंही शेतीवरच. पीक गेलं की तिघांचंही गेलं. म्हणून एकानं बाहेर पडायचं," हे उत्तर मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. जातो एक जण, पण तजवीज अख्ख्या घरानं केलेली असते. जे अगदीच नाडलेले असतात ते लांब जातच नाहीत, कारण लांब जायला पैसा लागतो. गरीब देशांत उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणारे सहसा आधी वाढतात, ते याचमुळे. बहुतेक माणसं जवळच्या जवळ जातात हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हेनस्टाइन यांनी 1885 मध्येच मांडलं होतं. आजही जन्मदेशाबाहेर राहणारे जगाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये सुमारे 30 कोटी 40 लाख. लोंढ्याची भीती घालणाऱ्यांना कृपया हे सांगा.

एक मुलगा आठवतो. त्याच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कामाचा करार होता, त्याला न वाचता येणाऱ्या भाषेतला. मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिहिलेला चुलतभावाचा फोन नंबर. करारात काय आहे ते दलालानं तोंडी सांगितलेलं. नंबर मात्र त्याला पाठ होता. आधी गेलेला ओळखीचा माणूस हाच जाणाऱ्याचा खरा आधार. खोली तोच बघून देतो, कुठल्या मालकाकडे पगार अडकतो हेही तोच सांगतो. आपल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्या नंबरवर लोकांचा भरवसा जास्त आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्याच फोल्डरमध्ये कर्जाची चिठ्ठी होती. दलालाची फी व्याजानं काढलेली. तिथे पोचल्यावर पगार सांगितल्यापेक्षा कमी निघाला, पण परवाना एकाच मालकाशी बांधलेला. सोडलं तर बेकायदा ठरणार, परत यावं तर कर्ज दारात उभं. चौदा महिने तो व्याजच फेडत राहिला.

कामगाराकडून फी घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करारात, मोजके अपवाद सोडून, लिहिलेलं आहे. ते आपल्या नियमांत आणा : फी मालकानं भरावी. परवाना मालकाशी बांधू नका, काम बदलायची मुभा द्या. घरी पैसे पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचं जगानं ठरवलं आहे. सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. ही कात्री थेट घरखर्चाला लागते.

आणि दारं बंद करण्याआधी पश्चिम जर्मनीचा अनुभव बघा. 1973 मध्ये त्यांनी परदेशी कामगारांची भरती बंद केली. एकदा मायदेशी गेलो तर पुन्हा जर्मनीत येता येणार नाही, या धास्तीनं कित्येक कामगार मायदेशी गेलेच नाहीत. त्यांनी बायकामुलांना तिकडे बोलावून घेतलं. ये-जा मोकळी असली की माणूस परततोही.

तो करार मी त्या मुलाला शब्द न् शब्द वाचून दाखवला, पण तो परत आल्यावर. सही करण्याआधी, त्याच्या भाषेत, दलाल समोर नसताना तो वाचून दाखवायची जबाबदारी आपल्या खात्यातल्या एका ठरावीक अधिकाऱ्यावर टाका. एवढा आदेश याच महिन्यात निघू शकतो.

आपली,
अर्ज भरून देणारी एक कार्यकर्ती