मॅटचे पैसे मी देतो, भाड्याचे नाही

चि. बाई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, हॉल भाड्यानं घेऊन स्वतःचा कराटेचा क्लास काढू का आता? मी तयार आहे का?" आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. ते तुला लागलं असणार. लेकीनं एवढ्या आशेनं विचारलं आणि तुम्ही बघू काय म्हणता, म्हणून आईही दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. उत्तर एका शब्दात देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सकाळी रानातून आल्यावर लिहायला बसलोय.

तुझ्या हातापायात काही कमी आहे असं मला वाटत नाही, हे आधी सांगतो. तू पांढरा पट्टा बांधून पहिल्यांदा मैदानावर उभी राहिलीस तेव्हापासून मी बघतोय. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हाही तू एक दिवस चुकवला नाहीस. त्या उन्हाळ्यात तुझ्या सरांनी पळणं बंद केलं होतं, आठवतं का? लेकरं घाम गाळून घरी जातील आणि घरी घागर रिकामी असेल, म्हणून ते सगळ्यांना लिंबाच्या सावलीत उभं करून सावकाश काता, म्हणजे तुमच्या ठरलेल्या हालचाली ओळीनं, करून घ्यायचे. आल्या आल्या प्रत्येकाला विचारायचे, आज पाणी किती प्यालास. मी ड्युटी संपवून आगारातून थेट तुला न्यायला यायचो आणि कठड्यावर बसून ते ऐकायचो. हा माणूस लेकरांकडे बघून शिकवतो, हे मला तेव्हा कळलं.

ब्लॅक बेल्ट मिळाला त्या दिवशी तूच मला सांगितलं होतंस की पहिल्या ब्लॅक बेल्टला शोदान म्हणतात आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. मला ते फार आवडलं होतं. कुस्तीतही तसंच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते सगळ्यांच्या तोंडी आहे. पण मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी दुसऱ्यांची लेकरं घडवली. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला. बिराजदार मामा २०११ ला गेले. मग काका पवारांनी, तेही आपल्या लातूर जिल्ह्यातलेच, त्या पोराला पुढं नेलं, आणि २०१८ ला त्यानं राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं आणलं. मामा जाऊन तोवर सात वर्षं होत आली होती. शिकवण्याचं फळ हे असं येतं, बाई. हॉलचं भाडं मात्र दर पहिल्या तारखेला येतं.

आता खरं काय ते लिहितो.

मार्चमध्ये तुमच्या सरांनी बेल्टची परीक्षा घेतली, तेव्हा तू त्यांच्या शेजारी बसून गुण लिहीत होतीस. एका मुलाच्या वडिलांचा आग्रह होता की पोराला एकदम दोन बेल्ट वर चढवा. मोठं दुकान होतं त्यांचं, क्लासला पंखे त्यांनीच दिलेले. सरांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात ते पोर क्लासला आलंच नाही, त्याच्यासोबतचे आणखी तिघं गेले. हे सगळं मला सांगून शेवटी तू म्हणालीस, "अण्णा, मी असते तर दिला असता बेल्ट. भाडं कोण भरणार?"

त्या एका वाक्यानं माझ्या तोंडून "बघू" निघालं.

माझा उजवा गुडघा तू लहानपणापासून बघत आलीस. बसमधून उतरताना मी आधी डावा पाय का टाकतो, हे कधी नीट सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो. तालमीत सरावातच गुडघा लचकला होता, सुजून नारळाएवढा झाला होता. चार दिवसांवर एका यात्रेचा फड होता आणि माझी कुस्ती आधीच लागलेली. वस्तादांनी गुडघा दाबून बघितला. त्यांना सगळं कळलं होतं, ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. पण पंचकमिटीनं तालमीच्या नव्या मातीसाठी पैसे दिलेले, तेल, ताक, हळद, काव, सगळ्याचा खर्च त्यांचा. वस्ताद त्यांना नाही म्हणू शकले नाहीत. मला म्हणाले, "घट्ट पट्टी बांध आणि पहिल्या दोन मिनिटांत उरक." मी उतरलो. समोरच्यानं ढाकेचा डाव लावला, पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माणूस वाईट नव्हता, मला स्वतःच्या घरचं दूध पाजायचा. त्याची तालीम दुसऱ्याच्या पैशावर उभी होती, एवढंच. त्यानंतर मी मातीत उतरलो नाही.

म्हणून मी तुझ्या बेल्टकडे बघत नाही, तुझ्या त्या भाड्याच्या हिशोबाकडे बघतोय. महिन्याला ९,००० भाडं आणि ५०० रुपये फी धरलीस तर अठरा लेकरं नुसती भाड्यात जातात. लाईट, पाणी, झाडलोट वेगळी. आणि लातुरात 'क्लास' म्हणजे आधी अभ्यासाची शिकवणी, हे तुला माहीत आहे. जूनमध्ये चाळीस लेकरं येतील. शाळेच्या पहिल्या चाचणीचे गुण आले की त्यातली निम्मी आईबाप काढून घेतील, आणि नववी-दहावीची तर सगळीच ट्यूशनला जातील. मग उरलेल्यांना धरून ठेवायला काय करायचं? दर तीन महिन्यांना बेल्टची परीक्षा आणि परीक्षेची वेगळी फी. कुणाला नापास करायचं नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं लेकरांच्या अंगावर ट्यूबलाइटी फोडायच्या, म्हणजे पेपरात फोटो येतो. असं करणारी माणसं आधीपासून वाईट नसतात. पहिल्या तारखेपुढं एकेक पायरी खाली येत जातात. आणि त्या रंगीत पट्ट्यावर भरवसा ठेवून एखादी पोरगी रात्री एकटी स्टँडवरून घरी जाते. मला त्या पोरीची काळजी आहे.

तू म्हणशील, ज्युदो सुरू करणाऱ्या कानोंनी २१ व्या वर्षी स्वतःची शाळा, कोडोकान, काढलीच की. काढली, तूच मला ते वाचून दाखवलं होतंस. १८८२ साली, तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांची जागा आणि नऊ शिष्य. पण त्याच साली ते गाकुशुइन शाळेत शिकवायला लागले, पोट तिथं होतं. त्यांचे स्वतःचे गुरू त्या मंदिरात येऊन शिकवत होते आणि कानो त्यांच्यासमोर अजून शिष्यच होते. आणि तुमचे कराटेतले फुनाकोशी? ते ओकिनावाहून १९२२ ला तोक्योत आले तेव्हा पन्नाशी उलटलेली, शाळामास्तरकीत आयुष्य गेलेलं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून अंगण झाडायचे, राखण करायचे आणि रिकाम्या वेळी कराटे शिकवायचे. एकाचं वय २१, दुसऱ्याचं पन्नाशीच्या पुढं. म्हणजे वय हे माप नव्हेच. दोघांनाही शिष्याला "आज नाही" म्हणायची मोकळीक होती, कारण त्यांची भाकरी शिष्याच्या फीवर नव्हती.

दुसरी एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली, ती तुला सांगायची राहिली. दिवाळीनंतर मी आलो होतो, सर गावाला गेले होते आणि तू क्लास घेत होतीस. मी जिन्यात बसलो होतो. शेवटच्या ओळीत एक चष्मेवाली पोरगी होती, पिवळा पट्टा. शेजारीण हात उचलायची, मग ही उचलायची. काता पाठ नव्हता तिला, नुसतं बघून चाललं होतं. तू पुढं उभी राहून मोजत होतीस आणि वीस मिनिटं तुला ते दिसलं नाही. कातामध्ये सगळे मागं वळले तेव्हा शेवटची ओळ पुढं आली, तिच्यासमोर बघायला कुणीच उरलं नाही आणि ती तशीच थिजून उभी राहिली. बाकीची लेकरं हसली. मला वाईट वाटलं, पण मी बोललो नाही.

जानेवारीत परत आलो, तर तू मोजायला मागच्या भिंतीशी उभी होतीस. ती पोरगी तुझ्या हाताच्या अंतरावर होती. तिची कोपर सरळ करायच्या आधी तू तिला विचारलंस, "हात धरू का?" आणि तिनं मान हलवल्यावरच धरलीस. हे तुला कुणी शिकवलं मला माहीत नाही. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मी मनाशी म्हणालो, माझी लेक शिक्षक झाली.

तर माझं उत्तर असं. क्लास काढ, पण तो हॉल घेऊ नको. शाळेतली क्रीडाशिक्षिकेची नोकरी सोडू नको. शाळेच्याच हेडसरांना विचारून संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस जागा माग, नाहीतर तुझ्या गल्लीतलं समाजमंदिर आहे. वीसाच्या वर लेकरं घेऊ नको. एवढ्यांची नावं, घर, कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, हे तुला पाठ असायला पाहिजे. डोक्याला मार लागलेलं लेकरू त्या दिवशी परत उतरवायचं नाही, त्याचा बाप समोर उभा राहून "काही होत नाही" म्हणाला तरी नाही. आई किंवा आजी कुणीतरी बसून बघत असेल तर बसू दे, दार कधी लोटून घेऊ नको. आणि बेल्टची परीक्षा तू घेऊच नको, दोन वर्षं तरी. लेकरं सरांसमोर उभी कर. ते ज्याला थांबवतील त्याच्या घरी जाऊन तू स्वतः सांग. पहिल्यांदा जीभ जड होईल. दोनचार जण क्लास सोडतील, तरीही पहिल्या तारखेला तुझ्या पोटात गोळा येणार नाही. तेव्हा मला फोन कर. त्या दिवशी तो हॉल बघायला मी स्वतः येतो.

सरांना मात्र माझ्या आधी विचारायला हवं होतं. विचारलं नसशील तर उद्याच जा, पेढे घेऊन जा, आणि "काढू का" असं विचार, "काढतेय" असं सांगू नको.

मॅटचे पैसे मी देतो. ग्रॅच्युइटीतले ठेवलेत, तुझ्या आईलाही मान्य आहे. स्पर्धेचं मैदान आठ बाय आठ मीटरचं, म्हणजे मीटरभराचे ६४ तुकडे, ते मी काढून ठेवलंय. पण सुरुवातीला तेवढे लागणार नाहीत. पुढच्या रविवारी अहमदपूरहून सकाळच्या गाडीनं येतो. समाजमंदिराची फरशी बघायची आहे. पावसाळ्यात तिथं उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते, मॅट खालून कुजेल. टेप घरात आहे का बघून ठेव, नसेल तर मी आणतो.

तुझे,
अण्णा