भात कापल्यावरच मैदान?

महोदय,

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकून आली. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा या भागात सत्काराच्या कमानी उभ्या राहिल्या. आमच्या पाड्यावरच्या पोरांना मैदान मात्र अजून नाही.

भात कापून झालं की मोकळी पडलेली खाचरं हेच त्यांचं क्रीडांगण. बांध ओलांडत खो-खो खेळायचा, धसकटं पायात घुसवून घ्यायची. जूनमध्ये पाऊस लागला की तेही बंद. मग पुढचे चार-पाच महिने डांबरी सडकेवर, जीपगाड्या चुकवत धावणं. मुलींना तर घरचे सडकेवर पाठवतच नाहीत, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

पाड्यालगत उताराची गायरान जमीन आहे. खो-खोला 27 बाय 16 मीटर, कबड्डीला त्याहून कमी जागा लागते. सिंथेटिक ट्रॅक कुणी मागत नाही. उतार काढून सपाटी, मुरूम, रोलर आणि वरच्या अंगाला पाण्याचा चर, एवढंच हवं. चर नसेल तर पहिल्याच पावसात मुरूम ओढ्यात जाईल. श्रमदानाला गाव तयार आहे, ग्रामसभेत विषयही मांडतो आहोत. नाशिकच्या ठेकेदारांनी आठवडाभर जेसीबी आणि रोलर दिला, तर पुढच्या पावसाआधी काम उरकेल.

– एक निवृत्त शिक्षक, हरसूल परिसर (जि. नाशिक)