पूररेषेत परत बांधायचं का?

संपादक साहेब,
22 जुलै 2021 ला चिपळूणमधल्या आमच्या घरात पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं, 2005 ला पण आलं होतं पण एवढं नाही. आता घर पाडून तिथंच बांधायचं का यावर घरात रोज वाद. पूररेषा दोन, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा: निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा, त्या धरल्या तर बाजारपेठच आत येते मग लोकांनी जायचं कुठं, डोंगरावर? पुराच्या त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर डोंगराची दरड कोसळली, विसरलो नाही. माझं म्हणणं, तळमजला मोकळा सोडून वर बांधायला परवानगी द्या आणि वाशिष्ठी नदीतला गाळ नियमित काढा, नुसता फोटोपुरता नको. भिंतीवरची चिखलाची रेघ आई अजून पुसू देत नाही, रंगारी दोनदा परत गेला.

एक वाचक, चिपळूण