हिरडी सुजली की दातच?

संपादक महोदय,

नातू दीड वर्षाचा. ताप, सारखी लाळ, हिरड्या लालभडक; कापसाचा बोळा लागला तरी रक्त. रामबागेत जो तो म्हणे, ‘दात येताहेत, मधातून टाकणखार (बोरॅक्स) चोळा.’ चार दिवस आम्ही तेच केले, याचे फार वाईट वाटते. टाकणखार लहानग्यांना घातक असतो. बालदंतवैद्यांनी जिभेवरचे बारीक फोड दाखवले : हर्पिस विषाणूचा पहिला संसर्ग. तो साधारण १०-१४ दिवसांत ओसरतो, पण लेकरू दुखण्यापायी पाणीच पीत नाही, ही खरी भीती. आणि सुजेबरोबर मूल पांढरेफटक पडले, अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर रक्ततपासणीला एक दिवसही थांबू नका. क्वचित तो रक्ताचा कर्करोग असतो. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाळांचा ओठ उचलून हिरड्याही पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक आजी, रामबाग, इंदूर