दादाची गोळी

कळवा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

"दादावर प्रयोग करू देताय?" असं तू परवा फोनवर विचारलंस आणि माझा आवाजच फुटेना. म्हणून लिहायला बसले.

दोनदा केमो होऊनही दादाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, उलटला, हे तुला माहीत आहेच. या वेळच्या तपासणीत केएमटी२ए जनुकातला बिघाड सापडला. त्याचं बिघडलेलं प्रथिन मेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसतं, आणि रक्तपेशी कच्च्याच राहून वाढत सुटतात. दादाला आता चाचणीत देताहेत ती गोळी ही पकड सोडवते, म्हणजे पेशी पिकू लागतात. याच जातीच्या रेव्हुमेनिब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. दादाची गोळी त्याच जातीची, पण नवी. तिची अजून चाचणीच चालू आहे.

संमतीपत्र मराठीत होतं. दादाने ते तीन दिवस घरी ठेवून पेन्सिलीने खुणा करत वाचलं. मग खारघरला हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना विचारलं, "गुण येईल?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. किती डोस अंगाला झेपतो, हेच आधी बघायचंय." शुभा, इतकं सरळ आमच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं, बाकीचे उपचार थांबत नाहीत, औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई, सगळं लेखी आहे. सही त्याने स्वतः केली. मी नुसती शेजारी बसले होते.

पहिल्या दिवशी गोळी एकदाच, पण रक्त संध्याकाळपर्यंत तासातासाने घेत होते. मध्येमध्ये ईसीजी, कारण या गोळ्यांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आता रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याला वजनकाट्यावर उभा करते. पेशी एकदम पिकल्या की ताप येतो, धाप लागते, अंगात पाणी साठून वजन चढतं. तसं झालं तर रात्री-अपरात्रीही फोन करायला सांगितलंय. काल काटा चारशे ग्रॅम पुढे गेला आणि माझे हातपाय गार पडले. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, खिशात चाव्या आहेत."

गोळीची वेळ तो स्वतः वहीत लिहितो. त्याचं अक्षर अजून तसंच आहे, वळणदार.

गुरुवारी खारघरला जायचंय. तू ठाण्याला ये, पनवेल लोकलने तिघं मिळून जाऊ. फक्त तुमच्या परसातली पपनसं आणू नकोस. त्याला ती किती आवडतात ते मला माहीत आहे, पण ती खाल्ली की गोळीचा अंश रक्तात वाढतो. चिवडा आण.

तुझी,
मेधा